सहा कप आणि चार रद्द नकाशे

पास्कल, तुझी पेटी माझ्या खाटेखाली आहे. गुरुवारी मुंबईची बोट लागते, आणि ती पेटी तिच्यातून वसईला, तुझ्या लेकीकडे, ॲग्नेसकडे जायची आहे. कपडे भरले, दाढीचं सामान भरलं, मार्थावहिनींचा फोटो दोन बनियनांच्या मध्ये ठेवला. फिडल गादीच्या खोळीत गुंडाळून वेगळं बांधलं. एक वही तेवढी बाहेर राहिली आहे, आणि ती आत कशी घालावी हे मला तीन दिवस सुचत नाहीये. कंपनीच्या गोदामात बारा वर्षं क्लार्की केली, इंजिनाच्या सुट्या भागांपासून साहेबाच्या कुत्र्याच्या साखळीपर्यंत सगळं पॅक केलं. एक वही पॅक करताना असा अडलेला माणूस तू पाहिला असतास तर पोट धरून हसला असतास.

तू गेलास त्याला आज अकरावा दिवस. अजून मी साडेपाचला ड्रॉइंग ऑफिसच्या दाराशी जातो. जायचं नाही असं ठरवून जातो. तुझ्या स्टुलावर आता कोणी बसत नाही, कारण तू त्याची उंची अशी करून ठेवली आहेस की दुसऱ्या कोणाचे पाय जमिनीला टेकत नाहीत. तिथून मेसमध्ये येतो आणि सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचा, चहा दोन सांगतो. पोऱ्या दोन आणून ठेवतो. पहिला मी पितो. दुसरा थंड होईपर्यंत बसून राहतो.

आपली ओळख झाली तीसुद्धा माझ्या गाढवपणातून. दोह्यात कंपनीच्या क्वार्टर्समध्ये मी नवा, रत्नागिरीहून आलेला, आणि शेजारच्या खोलीतून सारखा एक आवाज. मी दार वाजवून म्हणालो, तुमच्या पंख्याला तेल हवंय, गोदामातून आणून देतो. तू फिडल हातात धरून दारात उभा. माझ्याकडे नीट बघितलंस आणि म्हणालास, "आणा. पंखाही बिघडलाय." म्हणजे मला लाज वाटू नये म्हणून तू पंख्यावर आळ घेतलास. ही तुझी खोड मला तेव्हाच ओळखता आली असती तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

तू वसईचा ख्रिस्ती, मी कोकणी मुसलमान, दोघं मराठीत भांडणारे. बाकी दिवसभर हिंदी आणि मोडकं इंग्रजी. भांडायला का होईना, घरची भाषा मिळाली म्हणून मी तुझ्या खोलीत येऊन बसू लागलो आणि तुझ्या त्या म्हाताऱ्याच्या, ज्याचं लिहिलेलं तू फिडलवर वाजवायचास त्याच्या, तावडीत सापडलो. त्याचं नाव मी इथेही लिहीत नाही. मी ते घेतलं की तू कानावर हात ठेवायचास. मी त्याला टोपवाला म्हणायचो. एका मॅडमने तुला दिलेल्या पुस्तकात पहिल्या पानावर त्याचं चित्र होतं, डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप, गाल फुगलेले, आमच्या रत्नागिरीच्या रजिस्ट्रार कचेरीतल्या हेडक्लार्कसारखा चेहरा. अर्जात खोट काढणारा.

तू त्याचं आयुष्य मला हप्त्याहप्त्याने सांगितलंस. दहाव्या वर्षी पोरका झाला. पुढे एका म्हाताऱ्या वादकाला ऐकायला शेकडो मैल पायी गेला, चार आठवड्यांची रजा घेऊन, आणि चार महिने परतलाच नाही. मी म्हणालो, आपल्या कंपनीत असता तर पगार कापून घरी पाठवला असता. एकदा त्याने नोकरी बदलायची म्हटलं, तर मालकाने महिनाभर कोठडीत घातला. तेव्हा मात्र मी खाटेवर सरळ उठून बसलो. "अरे, म्हणजे हा आपल्यातलाच की." तू म्हणालास, तेच तर दोन महिने सांगतोय.

ती मॅडम कोणा इंजिनियर साहेबाची बायको. तीही व्हायोलिन वाजवायची, आणि तुझं ऐकून तिने ते पुस्तक तुला वापरायला दिलं. साहेबाची बदली झाली होती, ते जायला चाळीस दिवस होते. टोपवाल्याने एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेलं सगळं त्या एका पुस्तकात. तू ठरवलंस, चाळीस दिवसांत सगळं उतरवून काढायचं. चांगला कागद मिळेना, तेव्हा ड्रॉइंग ऑफिसातले रद्द झालेले नकाशे घेतलेस. एका बाजूला पाइपलाइन, व्हॉल्व्ह, टाक्या, आणि वर मोठा 'रद्द'चा शिक्का. कोऱ्या पाठीवर तू ड्राफ्ट्समनच्या पेनाने पाच-पाच रेघा ओढायचास आणि त्यांवर ते काळे ठिपके. उन्हाळ्यात ऑफिस दुपारी सुटायचं. सगळा कॅम्प झोपलेला, आणि तू ओल्या टॉवेलवर कोपर टेकून लिहीत बसलेला, घाम कागदावर पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधून. मी खाटेवर पडून बडबड करायचो. तुला त्याची मदत व्हायची असा माझा समज होता.

त्याच चाळीस दिवसांतली एक दुपार. तू पेन खाली ठेवलंस आणि सांगायला लागलास. टोपवाला मालकाबरोबर दौऱ्यावर गेला होता, दोनेक महिने. परत आला, घराच्या उंबऱ्यात पाय ठेवला, तेव्हा कळलं की बायको वारली आणि तिला पुरूनही झालं. जाताना ती चांगली ठणठणीत होती. मी काय विचारलं आठवतं? मी विचारलं, "मग दुसरं लग्न केलंन की नाही?" तू म्हणालास, केलं. मी म्हणालो, चला, बरं झालं. आणि हसलोसुद्धा.

तू पेन उचललंस आणि परत लिहायला लागलास. मार्थावहिनी गेल्याचं पत्र त्याच सकाळी आलं होतं, पुरून अठरा दिवस झाल्यावर. मला ते दुसऱ्या दिवशी पोस्ट वाटणाऱ्या शिपायाकडून कळलं. तू मला टोपवाल्याची नव्हे, तुझी गोष्ट सांगत होतास, आणि मी तुझ्या दुसऱ्या लग्नाची चौकशी करत होतो. नंतर मी तुझ्यासमोर कितीदा तरी तोंड उघडलं आणि प्रत्येक वेळी त्यातून भलतंच निघालं. माफी मागायला म्हणून आलो आणि मेसमधल्या डाळीबद्दल तक्रार करून गेलो.

त्या आठवड्यात तू जी पानं उतरवलीस ती चार होती. हे मला नक्की ठाऊक आहे, कारण पुढे त्या चार पानांशी माझी फारच जवळून ओळख झाली.

दोह्याच्या दमट हवेत कागद वळतात. म्हणून तू लिहून झालेली पानं गोदामात आणून लोखंडी पत्र्याखाली दाबून ठेवायचास. शेजारीच पॅकिंगसाठी आलेले रद्द नकाशे रचलेले. माझी बहीण झुबेदा, तिचं लग्न ठरलं होतं. मी तिला सहा कप-बशा पाठवायच्या ठरवल्या, निळ्या फुलांच्या. गावचा एक माणूस रजेवर निघाला होता, त्याच्याबरोबर. मी घाईत हात घातला, चार कागद ओढले. वर व्हॉल्व्हचं चित्र, 'रद्द'चा शिक्का. गोदामाच्या क्लार्कला आणखी काय हवं? कप गुंडाळले, खोका बांधला. उलटून बघायची सवय मला नव्हती. बाराही महिने ज्याच्या हाताखालून कागद जातात तो कागदाची एकच बाजू बघतो, शिक्क्याची.

आणि अक्कल बघ माझी. बहिणीच्या खोक्यालाही मी कंपनीची पॅकिंग लिस्ट केली. कार्बन घालून पाच प्रती. मजकूर मराठीत, तिला वाचता यावा म्हणून. 'कप नग सहा, बशा नग सहा. गुंडाळण्यास रद्द नकाशे, चार.' पांढरी प्रत खोक्यात गेली. गुलाबी, पिवळी, हिरवी आणि निळी माझ्या खणात राहिली. कशासाठी, ते विचारू नकोस. पाच प्रती करायच्या असतात म्हणून केल्या.

मॅडम गेली, पुस्तक गेलं, आणि त्यानंतर दहा दिवसांनी तू गोदामात आलास. चार पानं सापडत नव्हती. मी किती शोधली, पास्कल. पत्रे हलवले, रॅक ओढले, झाडूवाल्याला दम दिला. माझा खणसुद्धा तुझ्यापुढे रिकामा करून म्हणालो, "बघ बाबा, इथेही बघ, मनात किंतू नको." तू खणातले कागद चाळलेस, एकेक करून. मग म्हणालास, "असू दे परकार. मिळतील तेव्हा मिळतील."

त्याआधी कधीतरी तू मला टोपवाल्याच्या मागे काय झालं ते सांगितलं होतंस. म्हातारपणी आंधळा झाला. गेल्यावर कागद मुलांत वाटले गेले, काही हरवले, आणि लोक म्हणतात की काही पुड्या बांधायलाही गेले. दोन-तीन पिढ्या त्याला फारसं कोणी विचारलं नाही. मग कोणा तरुण पोराने धूळ झटकून एक भलं मोठं काम लोकांपुढे वाजवलं, आणि लोक थक्क झाले. मी त्या वेळी पुड्यांपाशीच अडलो होतो. म्हणालो, "कोण गाढव असेल रे, असल्या कागदात सामान बांधणारा?" हा प्रश्न माझ्याच तोंडून गेला आहे. याला साक्षीदार तूच होतास, आणि आता तोही नाही.

झुबेदाचं पत्र आलं. मी ते मेसमध्ये मोठ्याने वाचायला घेतलं. सगळे कप शाबूत पोचले, एकालाही चरा नाही. मी कॉलर ताठ केली. पुढची ओळ डोळ्यांनीच वाचली. तिने लिहिलं होतं की कागदाच्या मागची नक्षी फार छान आहे, मुंग्यांच्या रांगांसारखी, ती बाजू वर करून तिने कागद फडताळात कपांखाली अंथरले आहेत. मी पत्राची घडी घातली. समोर तू.

"एकही फुटला नाही?" तू विचारलंस.

"एकही नाही."

"कागद चांगला असणार," तू म्हणालास, आणि लोणचं मागितलंस.

त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी ठरवलं, आधी पानं परत आणतो, हातात ठेवतो, मग शिव्या खातो. रजा मिळायला वर्ष गेलं. झुबेदाच्या सासरी गेलो आणि जेवायच्या आधी फडताळ रिकामं करायला लागलो. ती पदर खोचून बघत राहिली. म्हणाली, "भाय, लोकांचे भाय कप बघाया येतात. तू कागद काढतंस?" मी म्हणालो कंपनीचे आहेत, हिशेब द्यावा लागतो. तिच्या सासूला मी तेव्हापासून वेडा वाटतो, आणि त्याबद्दल तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. चारही पानांवर कपांच्या तळाचे गोल उमटले होते. एका पानावर चहा सांडलेला. बाकी ठिपका न् ठिपका जागेवर.

पण मी परत आलो तोवर तू ती जागा भरून काढली होतीस. जेवढं आठवत होतं तेवढं आठवून, बाकीचं आपल्या मनाने. वही शिवून टाकली होतीस, दाभणाने, जाड दोऱ्याने. "झालं एकदाचं," म्हणालास. इतका निवांत दिसलास की मला पानं काढवेनात. ती माझ्या ट्रंकेच्या तळाशी गेली आणि सहा वर्षं तिथेच राहिली. या सहा वर्षांत मी तुझी वही एकदाही हातात धरली नाही. तू पानं उलटायला बोलवायचास, तर मला काहीतरी काम निघायचं.

फक्त उम्म सलाल मोहम्मद या गावी तेवढा मी सापडलो. शुक्रवारी पाण्याच्या टँकरवरून आपण तिथल्या बागेत जायचो. तू खजुराखाली उभा राहून वाजवायचास, आणि वही धरायला दुसरं कोणी नसायचं. वाऱ्याने पान फडफडायचं, मी दोन बोटांनी दाबून धरायचो आणि नजर टँकरकडे ठेवायचो. एकदा मधली चार पानं रंगीत दिसली. गुलाबी, पिवळं. वाटलं, गोदामातले कोरे फॉर्म उचलले असशील. माझ्या दृष्टीने आपण बरोबरीत आलो.

त्या दिवशी तू ती रंगीत पानंच वाजवत होतास. संपल्यावर भिंतीपलीकडून बागेचा म्हातारा माळी आला, इकडे तिकडे बघत. त्याने अरबीत विचारलं, बाकीचे कुठे आहेत? मी माझ्या अरबीत सांगितलं की बाकीचे दोह्यात आहेत, झोपले आहेत. तो बुचकळ्यात पडला. तू मात्र फिडल छातीशी धरून असा लाल झालास की मला वाटलं ऊन लागलं. परतताना टँकरच्या पत्र्यावर बसून तू समजावलंस. भिंतीपलीकडे त्याला चार जण वाजवताहेत असं वाटलं होतं. टोपवाल्याची सगळी करामत हीच, एकट्या माणसाच्या हातून चौघांचं बोलणं. मी म्हणालो, एकातून चार निघत नाहीत, हा हिशेब जुळत नाही. तू म्हणालास, एकटा राहिलास की जुळेल. तो वाद तिथेच राहिला. टँकर खड्ड्यात आपटला आणि दोघांच्याही जिभा चावल्या गेल्या.

आता मी एकटा आहे आणि अजून जुळलेला नाही. मला एकच ऐकू येतं, तुझं ते "असू दे परकार."

तुला इथल्याच वाळूत ठेवलं. आम्ही सहा जण होतो. गोव्याच्या कुकने तुमची प्रार्थना म्हटली, मी माझी मनातल्या मनात. ॲग्नेसला तार केली, पण ती पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तुमच्या घराण्यात हे दुसऱ्यांदा झालं, आणि या वेळी तार करणारा मी होतो. तिचं पत्र परवा आलं. चर्चमध्ये ऑर्गन वाजवते म्हणे आता. कपडे कोणालाही द्या, परकारकाका, पप्पांची वही तेवढी नक्की पाठवा, मला ती वाचता येते. एवढंच मागितलंय पोरीने.

आणि मी काय केलं, तेही ऐक. मी ब्लेड घेऊन बसलो. विचार असा की दोरा उसवायचा, रंगीत पानं काढायची, ट्रंकेतली खरी चार जागेवर बसवायची. पोरीला टोपवाल्याचं अस्सल मिळेल, तुझी मेहनत पूर्ण होईल, आणि माझं गाढवपण कोणाला कळणार नाही. तीन कामं एका ब्लेडात. मी मनाशी म्हणतही होतो की हे सगळं तुझ्यासाठी.

गुलाबी पान हातात आलं. ब्लेड लावायच्या आधी, बारा वर्षांत पहिल्यांदा, मी कागद उलटला.

माझंच अक्षर. 'कप नग सहा, बशा नग सहा. गुंडाळण्यास रद्द नकाशे, चार.' पिवळं उलटलं, तेच. हिरवं, निळं, तेच. खणातल्या माझ्या चार कार्बन प्रती. तुला पहिल्या दिवशीच सगळं कळलं होतं. 'असू दे परकार' तू म्हणालास ते चारही प्रती खिशात घालून.

गुलाबी पानाच्या उजव्या कोपऱ्यात तू चौकट आखली आहेस, नकाशात बदल केला की तुम्ही ड्राफ्ट्समन आखता तशी. रिव्हिजन, तपासणाऱ्याची सही, आणि बदलाचं कारण. कारणाच्या रकान्यात तुझ्या त्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलंय: 'कप शाबूत पोचले.'

सहा वर्षं, पास्कल. मी लपवतोय हे तू बघत होतास आणि मी पान दाबून धरावं म्हणून मला बागेत नेत होतास. एकदा वारा जोरात आला असता तर सगळं उघडं पडलं असतं. तू त्याची वाट बघत होतास का, हे आता कोणाला विचारू?

मी खूप हसलो. शेजारच्या खोलीतला मद्रासी अकाउंटंट दार वाजवून गेला. मग हसायचं थांबलं आणि ते ऐकायला तुझ्या खोलीत कोणीच नाही हे लक्षात आलं.

वही मी उसवलेली नाही. तुझी रंगीत पानं जिथे शिवलीस तिथेच राहतील. मार्थावहिनींच्या आठवड्यातली ती चार, कपांचे गोल उमटलेली, सुटी वर ठेवली आहेत. ॲग्नेस दोन्ही वाजवून बघेल. टोपवाल्याचं कोणतं आणि बापाचं कोणतं, हे तिला कळेल. मला ठिपके मोजता येतात, तेवढंच.

आता पॅकिंग लिस्ट करतोय. पाच प्रती, नेहमीप्रमाणे. शर्ट नग सहा. फोटो नग एक. फिडल नग एक, वेगळे बांधलेले. वही नग एक. सुटे कागद नग चार, सात वर्षं उशिरा परत, चूक परकार याची. आणि खाली शेऱ्याच्या जागी, जिथे आपण 'माल नाजूक आहे' असं लिहितो, तिथे लिहिलंय: प्रत्येक कागद उलटून बघावा.

पांढरी प्रत पेटीत घातली. बाकीच्या चार माझ्या खणात ठेवतोय. खणाला कुलूप लावत नाही.